सगळं घर एकाच बोगद्यात कशाला?

राउटरवरच व्हीपीएन चढवून टाका, एकदा मेहनत घेतली की फोनपासून टीव्हीपर्यंत सगळं घर सुरक्षित, हा सल्ला इतक्या जणांनी इतक्यांदा दिला आहे की त्याची उलटतपासणी करावी असं आता कुणाला वाटत नाही. व्हीपीएन विकणाऱ्या कंपन्या तो देतात, राउटर विकणारे देतात, आणि कॉम्प्युटरच्या बाबतीत ज्याच्या शब्दाला घरात वजन असतं असा भाचा किंवा जावईही देतो. त्याच्या बरोब्बर उलट टोकाला दुसरा पक्ष आहे. आता जवळजवळ सगळ्या वेबसाइट एचटीटीपीएसवर आहेत, तेव्हा घरच्या राउटरवर व्हीपीएन म्हणजे निव्वळ हौस, असं तो म्हणतो. मला दोघांचंही पटत नाही, आणि दोघांच्या मध्ये उभं राहून निम्मं-निम्मं वाटून देण्याचाही माझा विचार नाही. व्हीपीएन क्लायंट बसवायला राउटर ही फार चांगली जागा आहे. पण ती ठरावीक उपकरणांसाठी आणि आपल्या माहितीतल्या ठरावीक ठिकाणी जाण्यासाठी. सगळ्या घराची सगळी वाहतूक न विचारता एका कंपनीच्या बोगद्यात ढकलण्यासाठी ती जागा वापरली की फायदा थोडा आणि नुकसान फार, असं माझं म्हणणं आहे.

आधी पहिल्या पक्षाची बाजू त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवी. राउटर हा घरातल्या प्रत्येक उपकरणाचा बाहेर जाण्याचा एकमेव दरवाजा. त्या दरवाज्यातच कुलूपबंद बोगदा उभारला तर मागच्या प्रत्येक उपकरणावर वेगळं ॲप टाकावं लागत नाही. टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा अशा कित्येक उपकरणांवर ॲप टाकताच येत नाही; त्यांची सोय राउटरवरच होऊ शकते. बऱ्याच व्हीपीएनच्या एका खात्यावर ठरावीकच उपकरणं चालतात, पण राउटर एकच उपकरण धरला जातो, त्यामुळे पैसेही वाचतात. ॲप चालू करायला माणूस विसरतो, राउटर विसरत नाही. तांत्रिक अडचणही आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचा सोर्स कोड खुला झाल्यावर २००४ मध्ये राउटरसाठीचं ओपनडब्ल्यूआरटी हे खुलं सॉफ्टवेअर सुरू झालं आणि घरगुती राउटर हा एक छोटा लिनक्स कॉम्प्युटर आहे हे लोकांच्या हाती आलं. २००१ पासून असलेला ओपनव्हीपीएन त्यावर चालत होताच. मार्च २०२० मध्ये वायरगार्ड हा व्हीपीएनचा नवा प्रकार लिनक्सच्या मूळ गाभ्यातच दाखल झाला. चार हजार ओळींच्या आसपासचा कोड, दोन किल्ल्या, एक पत्ता, आणि बोगदा तयार. असूस, जीएल-आयनेट, फ्रिट्झबॉक्स यांच्या राउटरमध्ये तर ही सोय मेन्यूतच मिळते. हे सगळं खरं आहे आणि यातला एकही मुद्दा मी नाकारत नाही. माझा आक्षेप आहे तो या सगळ्यावरून काढलेल्या निष्कर्षावर, म्हणजे ‘म्हणून सगळं घर सुरक्षित झालं’ या वाक्यावर.

सुरक्षित झालं ते कुणापासून, हा पहिला प्रश्न. व्हीपीएन नसताना तुमचा ब्रॉडबँडवाला काय पाहू शकतो? पान एचटीटीपीएसवर असेल तर पानावरचा मजकूर, पासवर्ड, कार्डाचा नंबर त्याला दिसत नाही. दिसतं ते वेबसाइटचं नाव: एकदा डीएनएसच्या, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेच्या, चौकशीत आणि पुन्हा जोडणी सुरू होताना उपकरण जे नाव उघडपणे सांगतं त्यात. या दुसऱ्या जागेचा उपयोग करून भारतात वेबसाइट अडवल्या जातात, जिओ हेच करत आहे, हे सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं होतं. शिवाय कोणत्या ग्राहकाने केव्हा कुठल्या आयपी पत्त्याशी संपर्क साधला याच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवण्याचं बंधन दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटींतूनच घातलेलं आहे. तेव्हा ब्रॉडबँडवाल्याला काही दिसू नये असं वाटण्यात गैर काही नाही. पण बोगदा बांधला म्हणून ही माहिती हवेत विरत नाही. ब्रॉडबँडवाल्याला जे दिसत होतं ते सगळं आता बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या व्हीपीएन कंपनीला दिसतं. विश्वास ठेवण्याची गरज संपली नाही, फक्त माणूस बदलला. पहिल्याला तुम्ही ओळखता, त्याचं ऑफिस गावात आहे, त्याला परवान्याच्या अटी आहेत, आणि भांडायचं झालं तर दारात जाऊन भांडता येतं. दुसऱ्याचा पत्ता कुठल्याशा बेटावरचा आणि वचन एकच, ‘आम्ही काहीही नोंदवत नाही.’

या वचनाचा इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही. २०११ मध्ये लल्झसेक या हॅकर टोळीच्या प्रकरणात हाइडमायॲस या व्हीपीएनने कोर्टाच्या आदेशावरून आपल्याकडच्या नोंदी दिल्या. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका सायबर-छळाच्या खटल्यात प्युअरव्हीपीएनच्या नोंदी एफबीआयच्या कामी आल्या, आणि ही कंपनी नोंदी ठेवत नसल्याची जाहिरात करत होती. २०२० मध्ये यूएफओ व्हीपीएनसकट हाँगकाँगशी संबंधित सात सेवांच्या नोंदी इंटरनेटवर उघड्या पडलेल्या सापडल्या. त्याही ‘नो-लॉग’ म्हणवणाऱ्याच. फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलेलं ओनावो तर व्हीपीएनच्या नावाखाली लोक कुठली ॲप किती वापरतात हे पाहण्यासाठीच राबवलं जात होतं, आणि ॲपलच्या आक्षेपानंतर २०१८ मध्ये ते ॲप स्टोअरवरून हटवावं लागलं. पहिल्या दोन प्रकरणांत पकडलेले गुन्हेगार होते म्हणून आपल्याला काय, असं कुणी म्हणेल. गुन्हेगार पकडले गेले हे चांगलंच झालं. पण नोंदी नव्हत्या तर दिल्या कुठून, हा प्रश्न त्याने सुटत नाही. सगळ्याच कंपन्या खोट्या आहेत असंही मी म्हणत नाही. काहींनी बाहेरच्या तपासनिसांकडून आपली यंत्रणा तपासून घेतली आहे. मुद्दा एवढाच की ही निवड विचारपूर्वक, कुणासाठी आणि कशासाठी हे ठरवून करायची असते. सगळ्या घराला एका फटक्यात लागू करण्याची ती गोष्ट नव्हे.

भारतापुरतं पाहिलं तर गुंता आणखी वाढतो. सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, त्याला दिलेले आयपी पत्ते, सेवा घेण्याचं कारण अशी माहिती किमान पाच वर्षं जपायची आहे. हे निर्देश लागू होण्याच्या सुमारास एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी आपले भारतातले सर्व्हर काढून घेतले. यादीत ‘इंडिया’ हे नाव काही ठिकाणी अजून दिसतं, पण ते यंत्र भारतात नसतं. एक्सप्रेसव्हीपीएनने भारतीय पत्ते देणारे आपले सर्व्हर सिंगापूर आणि ब्रिटनमध्ये असल्याचं स्वतःच जाहीर केलं होतं. म्हणजे ठाण्यातल्या घरातून मुंबईतल्याच सर्व्हरवरचं पान उघडायचं, तर विनंती समुद्राखालून सिंगापूरला जाणार, तिथून मुंबईला येणार, आणि उत्तर पुन्हा त्याच वाटेने उलटं जाणार. यूट्यूब आणि नेटफ्लिक्स यांनी आपल्या साठ्याची यंत्रं ब्रॉडबँड कंपन्यांच्या जाळ्यात, ग्राहकाच्या जवळ आणून ठेवली आहेत. बोगद्यातून जाणाऱ्या घराला त्यांचा काही उपयोग उरत नाही. व्हिडिओ कॉलवर बोलताना एकमेकांच्या वाक्यावर वाक्य पडू लागतं आणि दोष मात्र ‘नेट स्लो आहे’ म्हणून केबलवाल्याच्या माथी जातो.

दुसरा प्रश्न ओळखीचा. आयपी पत्ता बदलला की ओळख पुसली, हा समज राउटरवरच्या व्हीपीएनच्या जाहिरातीत हमखास पेरलेला असतो. पण घरातला प्रत्येक फोन गूगलच्या किंवा ॲपलच्या खात्यात लॉग-इन केलेला असतो, प्रत्येक ॲपला नंबर ठाऊक असतो, ब्राउझरमध्ये कुकी असतात. बोगद्यातून गेलेला माणूसही पलीकडे पोचल्यावर आपलं नाव स्वतःच सांगतो. टीव्हीचं उदाहरण तर बोलकं आहे. व्हिझिओ या अमेरिकी कंपनीचे टीव्ही पडद्यावर काय चाललं आहे हे ओळखून ती माहिती कंपनीला कळवत होते. सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींचं हे प्रकरण फेब्रुवारी २०१७ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनपुढे २२ लाख डॉलरवर मिटलं. असा टीव्ही व्हीपीएन चढवलेल्या राउटरमागे ठेवला तर काय होईल? तीच माहिती, त्याच कंपनीकडे, अधिक सुरक्षित मार्गाने पोचेल. चुगली थांबवायची तर टीव्हीच्या सेटिंगमधला तो पर्याय बंद करावा लागतो, नाहीतर राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या पत्त्याकडे जाण्याची वाट अडवावी लागते. बोगद्याचं ते कामच नव्हे.

तिसरा प्रश्न जागेचा. परक्या नेटवर्कवर, म्हणजे हॉटेलात, विमानतळावर, लॉजच्या फुकट वायफायवर व्हीपीएनचं महत्त्व सर्वांत जास्त, कारण ते नेटवर्क कोण चालवतं हे आपल्याला ठाऊक नसतं. नेमक्या त्या वेळी राउटर घरी असतो. माणूस उंबरठा ओलांडून मोबाइल डेटावर गेला की घरचा बोगदा त्याच्या कामाचा नाही. पण ‘आपल्याकडे व्हीपीएन आहे’ ही समजूत मात्र त्याच्याबरोबर बाहेर जाते. घराच्या आतही बोगदा राउटरपासून पुढे सुरू होतो. फोन ते राउटर हा टप्पा वायफायच्या पासवर्डच्याच भरवशावर राहतो. आणि खुद्द राउटरच पोखरलेला असेल तर? मे २०१८ मध्ये सिस्कोच्या टॅलोस गटाने उघडकीला आणलेल्या व्हीपीएनफिल्टर या व्हायरसने किमान ५४ देशांतले निदान पाच लाख राउटर आणि साठवण-उपकरणं धरली होती. नावात व्हीपीएन असलं तरी त्याचा व्हीपीएनशी संबंध नव्हता. पण त्याचा एक भाग राउटरमधून जाणारी वाहतूक वाटेत धरून तिचं एचटीटीपीएस उतरवू पाहत असे. बोगद्यात शिरण्याआधीच जिथे चोर बसला आहे तिथे बोगद्याची भिंत कितीही जाड असली तरी काय उपयोग? ज्या घरात राउटरचं फर्मवेअर विकत घेतल्यापासून बदललेलं नाही आणि ॲडमिनचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच आहे, त्या घराने व्हीपीएनचे पैसे भरण्याआधी या दोन गोष्टी कराव्यात. त्या फुकट आहेत.

आता ज्या मुद्द्याला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देतो तो. फोनवरचं ॲप बंद करणं त्या माणसाच्या हातात असतं. राउटरवरचा बोगदा घरातल्या कुणाच्याच हातात नसतो. तो ज्याने बसवला त्याच्या हातात असतो. आजोबांना पेन्शनच्या कामासाठी सरकारी वेबसाइट उघडायची असते आणि ती परदेशी आयपीवरून उघडत नाही, कारण आपल्याकडच्या कित्येक सरकारी वेबसाइट देशाबाहेरून आलेल्या जोडण्या अडवतात. सूनबाईंच्या बँकेला अचानक सिंगापूरहून लॉग-इन झालेलं दिसतं आणि व्यवहार अडकतो. मुलीला कॉलेजची परीक्षा ऑनलाइन द्यायची असते. यांच्यापैकी कुणी व्हीपीएन मागितलेलं नव्हतं. आपली सगळी वाहतूक कुठल्या कंपनीच्या हवाली झाली आहे हे त्यांना सांगितलेलंही नसतं. घरातल्या एकाला रक्तदाबाचं पथ्य म्हणून सगळ्यांच्या ताटात अळणी वाढण्यासारखा हा प्रकार आहे. खासगीपणाच्या नावाने सुरू झालेली गोष्ट घरातल्या इतरांच्या खासगीपणाचा निर्णय परस्पर घेऊन टाकते, ही तिच्यातली मुख्य विसंगती.

‘एकदा बसवा आणि विसरा’ हे आश्वासनही तपासून पाहण्यासारखं आहे. आपल्याकडे नित्याची असणारी एक घटना घेऊ: वीज गेली आणि आली. घरगुती राउटरमध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी बहुधा नसते. तो सुरू होतो तेव्हा त्याच्या मते तारीख असते फर्मवेअर तयार झालं किंवा शेवटची सेटिंग जतन झाली त्या दिवसाची. खरी वेळ त्याला इंटरनेटवरच्या वेळ-सर्व्हरकडून विचारून घ्यावी लागते. इकडे वायरगार्डचा नियम असा की बोगदा जोडताना क्लायंट जी वेळेची मोहोर पाठवतो ती आधीच्या मोहोरेपेक्षा नवी हवी; जुनी मोहोर आली तर कुणीतरी चोरलेला संदेश पुन्हा पाठवतो आहे असं समजून पलीकडचा सर्व्हर उत्तरच देत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हा नियम अगदी बरोबर आहे. पण सगळी वाहतूक बोगद्यातूनच जाईल असं ठरवलेल्या राउटरची इथे कोंडी होते. बोगदा जुळायला बरोबर वेळ हवी, आणि बरोबर वेळ कळायला बोगदा जुळायला हवा. सर्व्हरचा पत्ता आकड्यांऐवजी नावाने लिहिलेला असेल तर आणखी एक कोंडी: त्या नावाचा आकडा ज्या डीएनएसला विचारायचा तोही बोगद्यापलीकडेच. राउटरवरचे सगळे दिवे हिरवे, वायफायला पूर्ण कांड्या, आणि घरात नेट नाही. उपाय अवघड नाही. वेळ-सर्व्हर आणि बोगद्याचं पलीकडचं टोक या दोघांकडे जाणारी वाट बोगद्याबाहेर ठेवायची आणि दोघांचे पत्ते आकड्यांत लिहायचे. पण हा उपाय ज्याला ठाऊक आहे तो ऑफिसात, आणि घरी कॉल सेंटरला फोन लावून ‘राउटर बंद करून चालू केला का’ या प्रश्नाला उत्तर देणारं माणूस दुसरंच.

याच जातीच्या बारीकसारीक गोष्टी आणखी आहेत. फोन समजतो की १५०० बाइटांचं पाकीट पाठवता येईल, तर वायरगार्डच्या बोगद्यात नेहमीच्या सेटिंगला १४२० बाइटच मावतात. राउटरने जोडणीच्या वेळीच ही मर्यादा दोन्ही बाजूंना कळवली नाही तर काही वेबसाइट झटकन उघडतात आणि काही अर्ध्यात लटकतात. बोगदा फक्त आयपीव्ही४ या जुन्या पत्ता-पद्धतीसाठी बांधला आणि ब्रॉडबँडवाला आयपीव्ही६ ही नवी पद्धतही देत असेल, तर निम्मी वाहतूक बोगद्याच्या शेजारून राजरोस निघून जाते. आणि स्वस्त राउटरचा प्रोसेसर ओपनव्हीपीएनचं कुलूप लावता-काढताना वीस-तीस एमबीपीएसलाच धापा टाकू लागतो. दोनशे एमबीपीएसचा प्लॅन घेणाऱ्याला हे महिनाअखेरच्या बिलाइतकंच बोचावं. त्याच्याच हातातला फोन तेच काम हसत करत असतो.

इथवर वाचून दुसऱ्या पक्षाला आनंद झाला असेल. बघा, राउटरवरचं व्हीपीएन हे खूळच! पण त्यांचा आनंद मला मान्य नाही. वर सांगितलेला प्रत्येक दोष ‘सगळं घर, सगळी वाहतूक, एक परकी कंपनी’ या तीन गोष्टी एकत्र आल्याने निर्माण होतो. त्या सुट्या केल्या की राउटरची खरी ताकद दिसू लागते. एचटीटीपीएस आहे म्हणून बोगदा नको, हा युक्तिवाद फक्त वेबसाइट पाहण्यापुरता खरा आहे. पुण्यातल्या मुख्य ऑफिसचा फाइल-सर्व्हर, दवाखान्यातलं नोंदींचं सॉफ्टवेअर, दुकानाच्या दुसऱ्या शाखेतला कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर या गोष्टी इंटरनेटवर उघड्या ठेवण्याच्या नसतातच. तिथे पोचायला बोगदाच हवा, आणि बोगद्याचं दुसरं टोक आपलंच असल्यामुळे विश्वास कुणावर ठेवायचा हा प्रश्न निकालात निघतो. राउटर क्लायंट असण्याचा इथे आणखी एक फायदा आहे, त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, अनेक ग्राहकांत एक पत्ता वाटलेला असतो. अशा घरी बाहेरून आत येता येत नाही. पण आतला राउटर क्लायंट म्हणून स्वतः बाहेर फोन लावू शकतो आणि एकदा लावलेल्या जोडणीतून दोन्ही बाजूंनी बोलणं होतं. सार्वजनिक पत्ता फक्त एका टोकाला असला तरी काम भागतं.

गळती थांबवण्याच्या बाबतीतही राउटर ॲपपेक्षा सरस आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. ॲप ज्या फोनवर चालतं त्या फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मर्जीवर अवलंबून असतं. प्रोटॉन या व्हीपीएन कंपनीने मार्च २०२० मध्ये दाखवून दिलं की आयफोनवर व्हीपीएन चालू केल्यानंतरही आधीपासूनच्या जोडण्या तुटत नव्हत्या, बोगद्याबाहेरूनच चालू राहत होत्या. त्याआधी २०१६ मध्ये २८३ अँड्रॉइड व्हीपीएन ॲपची तपासणी ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओच्या संशोधकांनी इतरांसह केली; त्यांतली १८ टक्के ॲप वाहतुकीला कुलूपच लावत नव्हती, आणि ८४ टक्क्यांतून आयपीव्ही६ची वाहतूक गळत होती. राउटरची फायरवॉल फोनच्या बाहेर असते. ‘या नेटवर्कमधून बोगद्याशिवाय बाहेर जाता येणार नाही’ असा नियम तिथे लिहिला की मागचं उपकरण कुठल्या कंपनीचं आणि त्यात कोणता दोष, याने फरक पडत नाही. बोगदा पडला तर वाहतूक थांबेल, पण बाजूने निसटणार नाही.

तेव्हा मंडन म्हणून सांगायचं ते असं. राउटरवर दोन वायफाय नावं ठेवावीत. एक नेहमीचं, थेट इंटरनेटला जाणारं. दुसरं वेगळ्या नावाचं, वेगळ्या आयपी पट्ट्याचं, फक्त बोगद्यात उघडणारं. दुसऱ्याची फायरवॉल कडक: बोगदा बंद तर नेट बंद. त्याचा डीएनएस बोगद्यातलाच, आयपीव्ही६ एकतर बोगद्यातून किंवा पूर्ण बंद. राउटरची स्वतःची वाहतूक मात्र थेट, म्हणजे वीज गेल्यानंतरची कोंडी मुळातच होत नाही. ज्या उपकरणावर ॲप टाकता येत नाही आणि ज्याला खरोखर बोगदा हवा ते दुसऱ्या नावाला कायमचं जोडून द्यावं. ऑफिसचा लॅपटॉप तसाच. ज्या माणसाला एखाद्या दिवशी बोगदा हवा त्याने फोनवर वायफायचं नाव बदलावं, काम झालं की परत यावं. यात घरातल्या कुणावर सक्ती नाही, आणि आपण आत्ता कुठल्या वाटेने जातो आहोत हे प्रत्येकाला पडद्यावर नावानिशी दिसतं. राउटरवरच्या व्हीपीएनची सगळी ताकद शाबूत राहते आणि पथ्य ज्याचं त्याच्यापुरतं राहतं.

यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा की ही वाटणी सामान्य माणसाला जमणार नाही, त्यापेक्षा सगळं एकत्र बोगद्यात टाकणं सोपं. सोपं आहे, पण फक्त पहिल्या दिवशी. ज्याला उपकरणांची वाटणी करता येत नाही त्याला सगळं घर बंद पडल्यावर कारण शोधता येईल, असं कशावरून? अशा माणसाने राउटरच्या वाटेला जाऊच नये. फोनवर आणि लॅपटॉपवर, गरज असेल तेव्हा, विश्वासातलं ॲप वापरावं. ज्यांना राउटरवरच करायचं आहे त्यांच्यासाठी कोणतं उपकरण बोगद्यातून आणि कोणतं थेट, हे टिचक्या मारून ठरवण्याची सोय आता बऱ्याच राउटरमध्ये आहे. असूसने तर या सोयीला वेगळं नावच दिलं आहे. अवघडपणाचं कारण दहा वर्षांपूर्वी चाललं असतं, आता चालत नाही.

दुसरा आक्षेप परदेशातल्या मराठी घरांतून येतो आणि तो खरा आहे. न्यू जर्सीत किंवा लंडनला राहणाऱ्याला इथल्या वाहिन्या, इथले कार्यक्रम पाहायचे असतात, टीव्हीवर ॲप टाकता येत नाही, म्हणून राउटर. हक्क देशागणिक विकले जातात आणि बहुतेक ओटीटी सेवांच्या अटी अशा वळशाला परवानगी देत नाहीत, हे आधी लक्षात घ्यावं. नेटफ्लिक्सने जानेवारी २०१६ मध्येच असे वळसे बंद करणार असल्याचं जाहीर केलं होतं, आणि तेव्हापासून व्हीपीएन कंपन्यांचे पत्ते ओळखून अडवण्याचा पाठशिवणीचा खेळ सुरू आहे. तो खेळ ज्याला खेळायचा त्याने आपल्या जबाबदारीवर एका टीव्हीपुरता खेळावा. त्यासाठी घरातल्या मुलांच्या शाळेची वाहतूक, दवाखान्याचं पोर्टल, तिथली बँक या सगळ्यांना भारतीय पत्त्याचा मुखवटा चढवण्याची गरज कुठे आहे? हा आक्षेप माझ्या म्हणण्याविरुद्ध जात नाही, त्याला दुजोराच देतो.

तिसरा आक्षेप अगदी उलट बाजूचा: ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्याला बोगदा कशाला? या मानसिकतेला वजनदार पाठिंबाही मिळालेला आहे; गृहविषयक संसदीय स्थायी समितीने २०२१ मध्ये व्हीपीएन कायमचं बंद करण्याची शिफारस केली होती. पण देशात व्हीपीएन वापरणं आजही सरसकट बेकायदा नाही, आणि सर्ट-इननेही कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनना २०२२ च्या निर्देशांतल्या नोंदींच्या अटीतून वगळलं; त्यांच्याशिवाय देशातलं कितीतरी ऑफिसकाम ठप्प झालं असतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. तो हक्क व्यक्तीचा आहे. घराचा नाही, कुटुंबप्रमुखाचा नाही, आणि राउटरचा ॲडमिन पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्याचाही नाही. हाच निकाल ‘सगळं घर बोगद्यात’ म्हणणाऱ्यांनाही वाचायला द्यावासा वाटतो. सरकारने किंवा ब्रॉडबँडवाल्याने आपल्याला न विचारता आपल्या वाहतुकीत डोकावू नये असं ज्याला वाटतं, त्याने बायको-मुलांना न विचारता त्यांची वाहतूक तिसऱ्याच्या हाती सोपवणं कसं बसतं त्यात?

चौथा आक्षेप मुलांच्या काळजीपोटी केला जातो. सगळं घर बोगद्यात असेल तर नको त्या गोष्टींपासून मुलं वाचतील, असं पालकांना सांगितलं जातं. हा निव्वळ गैरसमज. बोगदा वाहतूक झाकतो, गाळत नाही. गाळणं हे डीएनएस-फिल्टरचं किंवा वेळेच्या मर्यादेचं काम. ते राउटरवर बोगद्याशिवायही होतं. उलट सगळी वाहतूक व्हीपीएन कंपनीच्या डीएनएसकडे वळवली तर राउटरवर आधी लावलेला फिल्टर बाजूला पडण्याचीच शक्यता जास्त.

म्हणून राउटरवर व्हीपीएन बसवण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहावीत. कोणत्या उपकरणासाठी? पलीकडच्या टोकाला कोण आहे? बोगदा पडला तर काय व्हायला हवं? पहिल्याचं उत्तर ‘सगळ्याच’ आणि दुसऱ्याचं ‘ऑफर मिळाली ती कंपनी’ असं असेल तर पैसे खिशात ठेवावेत, फर्मवेअर अद्ययावत करावं, पासवर्ड बदलावा आणि स्वस्थ बसावं; घर आहे त्यापेक्षा अधिक सुरक्षित होईल. तिन्हींची उत्तरं नेमकी असतील, म्हणजे हे एक उपकरण, ते आमचं ऑफिस, आणि बोगदा पडला तर हे एवढंच बंद, बाकी घर चालू, तर मग राउटरइतकी पक्की जागा दुसरी नाही, आणि ‘एचटीटीपीएस आहे की’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागून ती सोडण्याचंही कारण नाही.